सात नोंदींची वहिवाट

या सगळ्या प्रकरणात यशवंत हळर्णकराला मिळणार होते ते एका ओळीत मावण्यासारखे होते. पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर, मधोमध, 'संपादक : यशवंत हळर्णकर'. मानधन नाही. पाच प्रती मिळणार, आणि त्याही नातेवाइकांतच संपणार. त्रेसष्टाव्या वर्षी माणसाने एवढ्याचा हव्यास का धरावा हे कळायला त्याची आधीची वर्षे बघावी लागतात. कोरगावच्या घराच्या पाटीवर नाव थोरल्या भावाचे, कृष्णनाथचे. यशवंताच्या स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेतही ठळक अक्षरात कृष्णनाथच. नवरामुलगा खाली, जरा बारीक. देवळाच्या उत्सवात घराची पाळी आली की समया घासण्यापासून पंगत उठवण्यापर्यंत यशवंत राबायचा, आणि फळ्यावर खडूने लिहिलेले असायचे 'कृष्णनाथ हळर्णकर व बंधू'. डिचोलीत एकतीस वर्षे तलाठी म्हणून त्याने हजारो माणसांची नावे कागदावर चढवली, उतरवली. स्वतः मात्र 'व बंधू'च राहिला. तेव्हा तिसऱ्या पानावरची ती ओळ त्याला हवी होती. हवी होती म्हणजे किती, हे पुढे कळेलच.

पुस्तक कसले, तर घरच्या ब्लॉगचे. कोरोनाच्या वर्षी सगळे घरात अडकून पडले होते तेव्हा कृष्णनाथची सून सेजल हिने तो सुरू केला. जो तो मोबाईल घेऊन बसलाच आहे, तर घरच्या आठवणी तरी लिहा, असा तिचा हिशेब. ब्लॉगला ईमेल लागतो. कृष्णनाथचा ईमेल होता आणि तो कधी उघडत नव्हता, म्हणून त्याचाच लावला. पासवर्ड पॅसेजमधल्या दिनदर्शिकेवर पेनाने लिहून ठेवला. माठातले पाणी प्यायला गेलेला कोणीही तो वाचून यायचा. त्यामुळे लिहायचे सगळे, आणि प्रत्येक नोंदीखाली आपोआप उमटायचे : लेखक, कृष्णनाथ हळर्णकर. बाळंतिणीच्या काढ्याच्या नोंदीखालीसुद्धा. घरात कोणाला हे वावगे वाटले नाही. त्या घरात पत्रिका, पावती, पाळी सगळे थोरल्याच्या नावाने निघायचे; मग आठवणी वेगळ्या का निघाव्यात.

चार वर्षांत एकसष्ट नोंदी झाल्या. पेडण्यातल्या एका वाचनालयाने त्या छापायचे मनावर घेतले. चवथीला, म्हणजे गणपतीत, सगळे हळर्णकर कोरगावात जमतात, तेव्हा घरीच प्रकाशन करू म्हणाले. अट एकच : प्रत्येक नोंदीखाली जिचे तिचे, ज्याचे त्याचे नाव हवे. वाचनालयाचे चिटणीस सभ्य माणूस, ते एवढेच म्हणाले, "मास्तर, काजूचा हंगाम, बाळंतिणीचा काढा आणि म्हापशाच्या कॉलेजातली मोटारसायकल, हे तिन्ही एकाच माणसाचे अनुभव वाटत नाहीत."

कृष्णनाथ मास्तर, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, त्यांनी काम धाकट्या भावावर टाकले. "तू तलाठी. कोणाचा काय ता तू ठरय. संपादक म्हणान तुझा नाव घालुया."

हे ऐकल्यावर यशवंताने फोन ठेवला, आणि लगेच पुन्हा लावून विचारले, "पयल्या पानार काय तिसऱ्या?"

डिचोलीच्या बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून त्याने एकसष्ट नोंदींच्या प्रती काढल्या, जेवणाच्या टेबलावर पसरल्या आणि वहीत रकाने आखले. आखताना विचार करावा लागला नाही, हात आपोआप चालला. अनुक्रमांक. शीर्षक. कब्जेदार. कूळ. शेरा. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, जमीन कोणाच्या नावावर आणि ती कसतो कोण हे दोन वेगळे रकाने असतात, आणि तलाठ्याची अर्धी हयात त्या दोहोंमधल्या रेषेवर खर्ची पडते. इथे कब्जेदाराचा रकाना एकसष्टही ओळींत भरलेलाच होता. कुळे तेवढी शोधायची होती.

"आणि जेवायचा खय?" त्याच्या बायकोने, आनंदीने विचारले. तिने स्वतः ब्लॉगवर कधी अक्षर लिहिले नव्हते. तिचे म्हणणे, वाचणारे कोणीतरी नको का.

"ह्यो कोपरो रिकामो आसा."

"कोपऱ्यात एक ताट मावता. तुमी खय बसतलात?"

पहिल्या चोपन्न नोंदी त्याने आठवड्यात निकालात काढल्या, आणि खरे सांगायचे तर त्यात त्याला भलतीच मजा आली. कृष्णनाथच्या नोंदी एकोणीस. त्याच्या प्रत्येक आठवणीत शेवटी कोणीतरी सुधारते, आणि त्याच्या लेखनात ताट येते पण चूल येत नाही. ताट कुठून येते हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. त्याच्या बायकोच्या, कमलाक्षीवहिनीच्या, आठ. त्यांत एकही साल नाही. वहिनीची सगळी कालगणना पोरांवर : 'साईश पोटात होता तेव्हा', 'साईशला गोवर आला त्या वर्षी'. सेजलच्या दहा, त्यांत घरातली सगळी माणसे चांगली, कारण सून घरात राहून लिहिते. तिचा नवरा साईश, त्याच्या तीन, तिन्ही मोटारसायकलवर. आणि यशवंताच्या स्वतःच्या चौदा. त्या शोधाव्या लागल्या नाहीत. घरापासून विहीर एकवीस पावले, विहिरीपासून काजूची भाट, म्हणजे बागायत, एकशे दहा, असे त्याच्या आठवणींत अंतर मोजल्याशिवाय कोणी कुठे पोचत नाही.

मग त्याने रीतसर प्रारूप यादी परिवाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. 'हरकती असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवाव्यात.' पुतण्या साईशने दुसऱ्याच दिवशी हरकत घेतली की सेजलच्या नावावरची शिगम्याची नोंद आपली आहे; आपण सांगितली, तिने फक्त टाईप केली. यशवंताने निकाल दिला : बियाणे तुझे, पण कसले तिने. नोंद तिच्याच नावे कायम. सेजलने त्यावर अंगठा पाठवला.

उरल्या सात. त्यांवर ना दावा आला, ना हरकत.

आणि अडचण अशी की बरे लिहिलेल्या त्या सातच होत्या. बाकीच्या चोपन्न हळर्णकरांनी हळर्णकरांसाठी लिहिलेल्या. या सात कोणीही वाचाव्यात अशा. एकीत वडील सकाळी अंगणात आरसा खुंटीला लावून दाढी करतात आणि आरशातूनच घरावर नजर ठेवतात. एकीत चवथीची माटोळी, गणपतीवरचे फळांचे छत, बांधताना रानातून आणलेली फळे कोणत्या क्रमाने ओटीवर मांडली जातात. एकीत फक्त नदी. वाचनालय पुस्तक काढत होते ते या सातांच्या जोरावर. याच वाचून तालुक्यातल्या एका लहानशा साहित्य मेळाव्याने कृष्णनाथला अध्यक्ष म्हणून बोलावले होते, आणि कृष्णनाथने येतो म्हणून कळवलेही होते. लबाडी म्हणावी असे त्यात काही नव्हते. चार वर्षे लोक एखाद्या शेताला तुमचे शेत म्हणत राहिले, की त्या बांधावरून जाताना पाऊल आपोआप रुबाबात पडते.

यशवंताने त्याला फोन करून सरळच विचारले. "दादा, ह्यो सात तू लिवलंस?"

"आठवत नाय," कृष्णनाथ म्हणाला. आणि पाठोपाठ, "पण लिवलंय नाय असांय आठवत नाय."

"मगे कोणाच्या नावार लावू?"

"जा उरता ता घराचा. आणि घराचा ता माझ्या नावार. ह्या काय आज नवीन आसा?"

नवीन नव्हते. यशवंताने पेन उचलले होतेही. पण एकतीस वर्षांची खोड : जागा बघितल्याशिवाय नोंद नाही. त्याने त्या सात नोंदी पुन्हा वाचल्या, या वेळी मजकूर म्हणून नाही, जमीन म्हणून. घर कुठे, गोठा कुठे, दार कोणत्या दिशेला. तिसऱ्या वाचनात त्याच्या ध्यानात आले की या घरात स्लॅब नाही. कोरगावच्या घराची कौले उतरवून स्लॅब टाकला तो शहाण्णव साली. तेव्हाच गोठा पाडला, तिथे आता साईशची गाडी उभी राहते. बाकी सगळ्यांच्या आठवणींत हा स्लॅब कुठून तरी डोकावतोच. कृष्णनाथ आपले बालपण सांगतानाही 'आता जिथे हॉल आहे तिथे' असे लिहून जातो. या सात नोंदींत 'आता' नव्हतेच. रहाट फिरतो आहे, गोठ्यात गाय आहे, कौलाच्या फटीतून ऊन जमिनीवर पडते आहे. लिहिणाऱ्याने हे घर शहाण्णवच्या आधी सोडले होते.

यशवंत स्वतः सोडला तर शहाण्णवच्या आधी घर सोडलेली माणसे दोन. एक वडील, ते एक्याण्णव साली वारले, आणि त्यांना पासवर्ड मिळण्याचा संभव कमी. दुसरी सुशीला, सर्वांत धाकटी बहीण. त्र्याण्णवच्या मे महिन्यात लग्न होऊन नदीपलीकडे, महाराष्ट्राच्या हद्दीत, आरोंद्याच्या नाईकांकडे गेली.

तरी त्याने चतुःसीमा ताडून पाहिली. नदीच्या नोंदीत लिहिले होते की संध्याकाळी नदीकडे तोंड करून उभे राहिले की सूर्य उजव्या हाताला बुडतो, आणि पुलाच्या तोंडाशी पोलिसांनी लावलेली आडकाठी दिसते. हळर्णकरांची जमीन नदीच्या दक्षिणेला. तिथून नदीकडे तोंड केले तर सूर्य डाव्या हाताला जाईल. उजव्या हाताला तो फक्त पलीकडच्या, आरोंद्याच्या काठावरून. आणि पुलावर आडकाठी होती ती एकाच वर्षी, कोरोनाच्या. त्या वर्षी सुशीला चवथीला येऊ शकली नव्हती.

त्याने वही मिटली आणि आनंदीला हे सगळे टप्प्याटप्प्याने सांगितले. तिने भात उकळताना ते ऐकून घेतले.

"एक म्हयनो लागलो तुमका?" ती म्हणाली. "माका पयलीच नोंद वाचताना कळला."

"मगे सांगलंस कित्या नाय?"

"तुमी पंचनामो करी होतात. मधी कोण बोलतला."

आता ही गोष्ट दुसऱ्या एखाद्या घरात इथेच संपली असती. बहिणीने लिहिले, बहिणीचे नाव घाला. पण गोव्याचा कायदा लेकीला मुलाइतकाच वाटा देतो, आणि म्हणून गोव्याच्या घरांना लेकीचे नाव कागदावर दिसले की पहिली आठवण सहीची होते. दोन हजार नऊ साली घर आणि काजूची भाट भावांच्या नावे करताना सुशीलाकडून हक्कसोड लिहून घेतली होती. मसुदा यशवंताचाच. तिने एका शब्दाने न विचारता सही केली होती, आणि तिच्या नवऱ्यानेही, जावयाचीही लागते.

कृष्णनाथने फोनवर सगळे ऐकले. मग म्हणाला, "हळर्णकरांच्या घराची हकीकत, आणि खाली नाव नायकांचा. लोक काय म्हणतले?"

"तिनाच लिवलला आसा."

"लिवला असतला. नाय कोण म्हणता. पण पुस्तक छापला की ता कायमचा. फुडे तिची पोरा म्हणतली, आवयच्या नावार घराचा पुस्तक आसा. तू असा कर, तिची सही घे."

"कसली सही?"

"ता तुकाच म्हायती. सही घेवन ये, सातांका माझा नाव लागांदे, तिसऱ्या पानार तुझा."

सौदा स्वच्छ होता. यशवंताने कपाटातून जुनी फाईल काढली. आठवणींवरचा हक्क कसा सोडतात याचा नमुना सरकारने अजून काढलेला नाही, म्हणून त्याने आपल्याजवळ होता तोच वापरला. 'सदर मिळकत' होते तिथे 'सदर सात नोंदी' घातले. बाकी मजकूर तोच ठेवला. त्याच्या मते चांगला मसुदा बदलू नये.

जुलैच्या एका रविवारी तो आणि आनंदी किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्याला गेले. सुशीलाच्या दारात गोकुळदासचा ट्रक उभा होता. खाणी बंद पडल्यापासून तो बहुतेक उभाच असतो. गोकुळदास, तिचा नवरा, त्याच्या बॉनेटवर सुकत घातलेला रेनकोट उचलून आत घेऊन आला. चहा झाला, वडे झाले. पोरांची चौकशी झाली. मग यशवंताने पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला, सरळ केला आणि वर पेन ठेवले.

सुशीलाने चष्मा लावून कागद सुरुवातीपासून वाचला. घाई केली नाही.

"म्हणजे कळला तुमका," ती म्हणाली.

"नदीयेचा वाचून कळला. सूर्य उजवीकडे."

"बघ. माका वाटलला वयनी वळखतली. तू वळखशी असा वाटूक नव्हता."

"वळखललंय मी," आनंदी म्हणाली. "माका कोणी इचारूकच नाय."

यशवंत म्हणाला, "तू दादाच्या नावार कित्या लिवलंस पण? नाव बदलूक येता म्हणे त्यात."

"सेजलान इचारलला. तिनाच पासवर्ड सांगललो फोनार. म्हणाली, आत्या, तुमचा नाव घालू? मी म्हटला, असांदे. दादाच्या नावार लोक वाचतत. माझ्या नावार तू तरी वाचलं असतंस?"

यशवंताने वडा मोडला.

गोकुळदास मान तिरकी करून कागद बघत होता. "ह्या माझ्या सयेची जागा आसा मा?" त्याने खालच्या रकान्यावर बोट ठेवले. "गेल्या खेपेक पण हयच होती. मी तरी काय लिवलंय, माझी सही कित्याक?"

"नमुन्यात असता ती," यशवंत म्हणाला.

"बरा. नमुन्यात असता तर असांदे."

"'स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय,'" सुशीला कागदाकडे न बघता म्हणाली. "'यापुढे सदर मिळकतीशी माझा कोणताही हक्कसंबंध राहणार नाही.' भाई, माका हो कागद पाठ आसा. तू नुसतो मिळकत खोडलंस आणि नोंदी घातलंस."

"मजकूर तोच लागता सुशीला. कायद्याची भाषा ती."

"असतली. भाटीचा माका काय वाटूक नाय. हयसून मी खय कसणार होतंय ती? सही मागलात, दिलंय. पण ह्या मी कसलंय. रात-दिस नाय, पण दुपारची जेवणा आटपल्यार, थयसर खिडकीत बसान कसलंय. तुझ्याच वयेत रकानो असतलो मा तेचो?"

"आसा."

"मगे तेच्यात माझा नाव घाल. नायतर सातय काढून टाक. सही मी करूचय नाय."

यशवंताने कागदाची घडी घातली, परत उघडली. मग त्याने ते विचारले जे तलाठ्याने विचारू नये, कारण उत्तर नोंदीत घेता येत नाही. "चार वर्सा दादाच्या नावार होता. तेव्हा तुका चलला."

"चललाच असता. तसाच छापलात असतात तरी मी गप रवलंय असतंय," सुशीला म्हणाली. "दादाक बरा वाटता तर वाटांदे, असा म्हणान. पण तू कागद घेवन इलंस."

तिने वडे राहिलेत ते डब्यात भरून दिले. दोघे पुलापर्यंत आले. मग आनंदी म्हणाली, "साधा पोस्टकार्ड धाडलात असतात तरी चलला असता. अभिनंदन म्हणान."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहानंतर, यशवंत वहीसमोर बसला. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या आणि त्याने दोन्ही नीट मोजल्या. सात ओळींत कृष्णनाथ लिहिले तर काहीही बिघडत नव्हते. सुशीला कोर्टात जाणारी नव्हती. दादाचा मेळावा सुखरूप पार पडला असता, आणि तिसऱ्या पानावर त्याचे नाव. फक्त एक होते. त्या नावाच्या खाली, त्या नावाच्या साक्षीने, सात चुकीच्या नोंदी छापून निघाल्या असत्या, आणि त्या चुकीच्या आहेत हे त्याला माहीत असते. नोकरीत त्याच्या हातून चुकीच्या नोंदी झाल्या नव्हत्या असे नाही, पण माहीत असून केलेली एकही नव्हती. या गोष्टीचा त्याला बहिणीच्या प्रेमापेक्षा जास्त अभिमान होता, हे त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध ज्याने त्याने आपल्या वहीत लिहावे.

त्याने कुळाच्या रकान्यात सात वेळा लिहिले : सुशीला. शेऱ्यात लिहिले : समक्ष पाहणी करून. सही केली, तारीख घातली, आणि वहीच्या प्रती कोरगावला न पाठवता सरळ पेडण्याला वाचनालयाच्या चिटणिसांकडे दिल्या. परत येताना कोरगावला उतरून सेजलला म्हणाला की ब्लॉगवरही तेवढे बदल करायचे आहेत, किती दिवस लागतील? तिने मोबाईल उघडला. चार मिनिटे लागली.

"काका, मला विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं," ती म्हणाली.

"तू सांगलंस कित्या नाय?"

"बाबांना लोक नमस्कार करायला लागले होते. त्यांची साखर उतरली होती त्या वर्षी."

कृष्णनाथने भांडण केले नाही. त्या घरात भांडत नाहीत, क्रम बदलतात. चिटणीस सात नोंदी सोडायला तयार नव्हते, कारण त्या काढल्या तर पुस्तकात उरणार काय. त्यामुळे सुशीलाचे नाव राहिले. नुसते 'सुशीला'. नाईक लावायला थोरल्याची तयारी नव्हती, हळर्णकर लावायला तिची. तिसऱ्या पानाचा मजकूर मात्र कृष्णनाथने स्वतः जाऊन तपासला. चवथीच्या दुसऱ्या दिवशी कोरगावच्या हॉलमध्ये पुस्तक निघाले तेव्हा संपादक म्हणून कृष्णनाथ हळर्णकर होते. यशवंताचे नाव आत चौदा ठिकाणी होते, त्याच्या चौदा नोंदींखाली. त्याने ते मोजले नाही. त्याने तिसरे पान बघितले आणि प्रत पिशवीत टाकली.

आता ताळेबंद. कृष्णनाथने काही दिले नाही. मेळाव्याला तो अध्यक्ष म्हणून गेला, वीस मिनिटे बोलला, आणि बोलता बोलता म्हणाला की यातले खरे लेखन माझ्या धाकट्या बहिणीचे आहे, मी निमित्तमात्र. त्यावर टाळ्या वाजल्या त्या पूर्वीपेक्षा जोरात. पूर्वी तो नुसता लेखक होता. आता मोठ्या मनाचा भाऊ झाला. सेजलने काही दिले नाही, तिने चार मिनिटे दिली. गोकुळदासला सही करावी लागली नाही. यशवंताने तिसरे पान दिले, आणि हे त्याला परवडणारे नव्हते.

सुशीलाला सात नोंदी मिळाल्या आणि त्यापायी एक गोष्ट गेली. लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माहेरहून वझे जाते. नारळ, चिबूड, लाडू, नेवऱ्या म्हणजे करंज्या, टोपलीभर. कोरगावच्या घराने ते पहिल्या वर्षापुरते न ठेवता सुशीलाला दर चवथीला पाठवायची रीत घातली होती, तीस वर्षे. यंदा ते पुलापलीकडे गेले नाही. कोणी नको म्हटले नाही. कोणी बांधलेही नाही. प्रकाशनाचे बोलावणे तिला ग्रुपवर गेले, सगळ्यांना गेले तेच. ती आली नाही.

हे कळल्यावर यशवंत म्हणाला की वझे डिचोलीहून जाऊ दे, आपल्या घरातून.

"जावंदे," आनंदी म्हणाली. "करतला कोण?"

त्याने नारळ आणले, चिबूड आणला, पुस्तकाची एक प्रत कागदात गुंडाळून ठेवली. बाकीचे आनंदीने केले. एकसष्ट नोंदींत तिची एकही ओळ नव्हती, कोणी तिला काही देणार नव्हते आणि तिच्याकडून कोणी काही मागितलेही नव्हते. तिने दीडशे नेवऱ्या लाटल्या, भरल्या आणि तळल्या. डावे मनगट पोळले, त्यावर साय लावली, आणि उरलेल्या तीस एकट्या उजव्या हाताने कढईतून उतरवल्या.